टूर कधी संपणार, मॅडम?

माझे वडील गेल्या नाताळपासून परदेशात आहेत. राहतात माझ्याच घरी, शिरूरला, माझ्या शिलाईच्या दुकानामागच्या खोलीत. चहा माझ्या हातचा पितात, औषध माझ्या हातचं घेतात, पण त्यांना विचाराल तर ते टूरवर आहेत आणि मी त्यांची टूर मॅनेजर आहे.

हसू आलं ना? येऊ द्या. मलाही आलं होतं. पहिल्या दिवशी तर मी शेजारच्या आक्कांना बोलवून ऐकवलं, आणि आम्ही दोघी तोंडावर ओढणी धरून हसलो. आता कुणी हसलं तर त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटतं. तसा माझा स्वभाव पहिल्यापासूनच तिखट. बाही एवढी का आणि गळा तेवढा का, असं तिसऱ्यांदा विचारणारीला मी तिचं कापड परत देते. पण वडिलांवर चिडून करायचं काय? मी चिडले की ते आणखी अदबीनं बोलतात. "मॅडम, तुम्हालाही त्रास होत असेल, एवढ्या माणसांना सांभाळायचं म्हणजे," म्हणतात. एवढी माणसं म्हणजे कोण, तर ते एकटे.

पप्पा रेल्वेत गार्ड होते, मालगाडीवर. गाडीच्या शेवटच्या डब्यात एकटा बसून असतो तो माणूस. दौंडहून सोलापूर, दौंडहून मनमाड, नाहीतर पुणे, एवढंच त्यांचं जग. आख्खी नोकरी मागं तोंड करून काढली, म्हणून ते म्हणायचे की मला गाव येताना कधी दिसलंच नाही, गेलेलं तेवढं दिसलं. उन्हाळ्यात रेल्वेच्या फुकट पासावर आम्हाला कुठंकुठं न्यायचे, कन्याकुमारीपर्यंत नेलं. तिथं समुद्राकडं बघत म्हणाले, "आपला पास इथं संपतो. जग पलीकडं हाय." मम्मी म्हणाली, "आधी घरी चला, दळण संपलंय."

मम्मी गेली, पप्पा रिटायर झाले, आणि मग मात्र सुटलेच. पुण्याच्या एका टूरवाल्यांबरोबर, सगळी मराठी मंडळी, सकाळी पोहे आणि रात्री वरणभात मिळणार अशी टूर. मला वाटलं होतं एकदा जातील, हौस फिटेल. कसली फिटतेय! तुर्कस्तान झालं, इजिप्त झालं, जॉर्डन आणि पवित्र भूमी झाली, युरोप झाला, शेवटी जपान. आले की माझ्या दुकानात, कापडाच्या गठ्ठ्यावर बसून सांगायचे. आणि सांगणं कसं, तर पिरॅमिड एका वाक्यात उरकायचा आणि नाईलच्या काठच्या कांद्याच्या वाफ्यावर तासभर बोलायचं. "अगं, आपल्या केडगावला लावतात तसाच लावलाय, पण पाटाला उतार असा दिलाय..." व्हेनिस त्यांना आवडलं, कारण आख्ख्या गल्लीत पाणी आणि तरी नगरपालिकेला कुणी शिव्या देत नाही. यार्देन म्हणजे जॉर्डन नदी बघून मात्र गप्प झाले होते. लहानपणापासून चर्चमध्ये गाणी म्हटलेली ती नदी, आणि रुंदीला आपल्या घोडनदीच्या निम्मी. "पण पाण्यात हात घातला तर कढ आला गं," असं म्हणाले.

सगळ्यांत जास्त सांगायचे ते जपानचं. तिथं गाडीचा गार्ड प्रत्येक सिग्नलकडं बोट करतो आणि स्वतःशीच मोठ्यानं बोलतो, दार बंद, सिग्नल हिरवा, असं. तशी ड्युटीच असते त्याची. पप्पा म्हणाले, "जन्मभर मी डब्यात एकटा बडबडत बसायचो, तर यार्डातली पोरं म्हणायची गार्डसाहेब हुकले. आन् तिथं त्याचा पगार मिळतो!" ते सांगताना त्यांचे डोळे असे चमकायचे की मी मशीनचं पायडल थांबवून ऐकायचे.

मी एकदा विचारलं होतं, पप्पा, एवढं काय असतं हो तिकडं? तर म्हणाले, "काही नसतं. सकाळी तिथंबी माणसं दूध आणायला जातात. तेच बघायला जायचं. आपण ज्यांच्या हिशेबात न्हाई, त्यांचं सगळं बिनबोभाट चाललंय, हे बघून लई बरं वाटतं." मला तेव्हा हे नीट कळलं नव्हतं.

जपानहून आले त्या वर्षीच विसरायला लागले. आधी नावं, मग औषधं. मग दौंडच्या घरी गॅस चालू ठेवून बाहेर पडले आणि परतीचा रस्ता सापडेना. मी एकुलती एक. आमचे हे रांजणगावला कंपनीत जातात, माझं दुकान इथं, मग दौंडला राहणार कोण? घराला कुलूप लावलं आणि पप्पांना शिरूरला आणलं. चूक काय केली मी? कुणीही हेच केलं असतं.

पण शिरूरला रेल्वे नाही हो. पप्पांचा जन्म रेल्वेच्या चाळीतला. झोपेत इंजिनाचा भोंगा ऐकू आला की कूस बदलायची, ही त्यांची सवय. जिथं भोंगा ऐकू येत नाही ते गाव त्यांच्या हिशोबानं आपलं असूच शकत नाही. त्यातून आमच्या गल्लीत सगळे एमआयडीसीतले कामगार, कुणी बिहारचा, कुणी ओडिशाचा. सकाळी नळावर सगळं हिंदी. पप्पांनी खिडकीतून ऐकलं आणि मला म्हणाले, "मॅडम, या देशात आपली माणसं बरीच येऊन राहिलीत."

सुरुवातीला मजा होती, खरंच होती. मी त्यांना बाजारात नेलं की ते तुर्कस्तानातल्या बाजारात असायचे. टोमॅटोवाल्या मावशींना "व्हेरी नाईस, व्हेरी नाईस" म्हणायचे, आणि मावशी म्हणायच्या, "आजोबा, घ्या की मग दोन किलो." नदीवर नेलं तर बूट काढून पाण्यात पाय सोडून बसायचे आणि आज यार्देनला पाणी बरं आहे म्हणायचे. पोहे खाऊन दाद द्यायचे, "कमाल आहे, अगदी आपल्यासारखे केलेत." मी मनात म्हणायचे, जाऊ दे, बसल्या जागी जग फिरतोय माणूस. आपल्याला तर शिरूर सोडून न्हावऱ्यापर्यंत जायला सवड होत नाही.

जेवणाआधी पप्पा प्रार्थना करतात. तेवढा एक नेम सुटला नाही. डोळे मिटून, हात जोडून, सावकाश म्हणतात, "हे प्रभू, या परक्या मुलखात तू आम्हाला अन्न दिलंस. हे रांधणाऱ्या मॅडमना आशीर्वाद दे. आणि तिकडं माझी लेक आहे, तिला सांभाळ." मी समोरच बसलेली असते. मीही डोळे मिटते आणि आमेन म्हणते. पहिल्यांदा हे ऐकलं त्या दिवशी मला घास गिळवला नाही. रोज ऐकल्यावर गिळवतो, पोट काय कुणाचं ऐकतं?

मग उन्हाळ्यात त्यांना घरची ओढ लागली. कशी लागली ते कळलं नाही, पण लागली आणि दिवसेंदिवस वाढतच गेली. सकाळी उठल्या उठल्या दारात उभे. "मॅडम, टूर कधी संपणार?" मी म्हणायचे, संपेल हो. "नाही, फार छान चाललीय, तक्रार नाही. पण आता पुरे वाटतं." दुपारी पुन्हा. मशीन चालू असताना शेजारी येऊन उभे राहायचे, मी पाय थांबवेपर्यंत थांबायचे, आणि मग विचारायचे. चार कपडे पिशवीत भरून ठेवायचे, मी परत कपाटात लावायचे, ते परत भरायचे. एकदा तर पिशवी घेऊन एसटी स्टँडपर्यंत गेले आणि कंट्रोलरला इंग्रजीत सांगितलं की मला इंडियाला जायचंय. त्या भल्या माणसानं पिशवीतल्या चिठ्ठीवरचा नंबर बघून मला फोन केला. त्याआधीच आम्ही पप्पांचा फोन काढून घेतला होता, कारण ते कुणालाही लावून मी इथं अडकलोय म्हणून सांगायचे आणि लोक घाबरायचे.

मी समजावून बघितलं. पप्पा, हे शिरूर आहे, मी तुमची मुलगी. आरसा दाखवला, लग्नातला फोटो दाखवला. ते फोटो निरखून बघायचे. "ही माझी मुलगी," म्हणायचे. मग माझ्याकडं बघून, "तुम्हाला कुठं भेटला हा फोटो?" पुण्याच्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, वाद घालू नका, त्यांच्या कलानं घ्या. बोलायला काय जातंय! ज्याचं जळतं त्याला कळतं. एकदा मी ओरडले, चांगली ओरडले, तर पप्पा भिंतीला टेकून उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "मॅडम, चुकलं असेल तर माफ करा. पण मला घरी सोडा." मी न्हाणीत जाऊन नळ सोडला आणि रडले.

मोटारीनं दौंडच्या घरी नेऊनही बघितलं. दारात उभे राहिले, कुलूप काढलं तरी आत येईनात. मग आत आले, फिरून बघितलं आणि म्हणाले, "हे हॉटेल कालच्यापेक्षा बरं आहे." आमच्या ह्यांनी कपाळाला हात लावला.

शेवटी तोड सांगितली ती शेजारच्या आक्कांनी. भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "अगं, ते घरी जायचं म्हनत्यात, तर टूर संपलीय म्हून सांग की त्यास्नी. संपवून टाक एकदाची. म्यानेजर तूच हायेस न्हवं?"

मी हातातली गवार तशीच धरून बसले. खरंच की! मी आजपर्यंत टूर संपेल म्हणत आले होते, नाहीतर ती खोटी आहे म्हणत आले होते. ती संपली असं कधी सांगितलंच नव्हतं.

मग मात्र माझं डोकं भरभर चाललं. मोटारीनं दौंडला नेऊन चुकलो होतो. दौंडला पप्पा जन्मात कधी मोटारीनं आलेच नाहीत, आले ते रेल्वेनं. तेव्हा शिरूरहून केडगावपर्यंत मोटार आणि केडगावहून दौंडला गाडी. स्टेशनात उतरायचं आणि तिथं टूर रीतसर संपवायची. रीतसर म्हणजे रेल्वेच्या रीतीनं. गार्ड गाडी अशी सोडून जात नसतो. दुसरा येतो, त्याला सगळं सांगून चार्ज द्यायचा, मगच पाय खाली. आणि एकदा चार्ज दिला की त्या गाडीशी त्याचा संबंध संपला. हे मी लहानपणापासून ऐकत आलेली, मला काय शिकवायचं! म्हटलं, स्टेशनात मी त्यांना चार्ज देते, टूर क्लोज करते. मॅडम गेल्या की मागं राहिलं कोण? मी. दौंडच्या घरात दोन दिवस राहू, माझ्या हातची भाकरी खातील, ओळखतील.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "बघ बाई. करायला जाशील एक आणि व्हायचं भलतंच." मी म्हटलं, तुम्ही फक्त गाडी चालवा.

त्या सकाळी चहा देतानाच मी जाहीर केलं. "साहेब, आज टूरचा शेवटचा दिवस."

काय सांगू तुम्हाला तो चेहरा! माणूस एकदम दहा वर्षांनी लहान झाला. स्वतः दाढी केली, गालाला एक जखमही करून घेतली. इस्त्रीचा शर्ट मागून घेतला. सगळ्या खोल्यांतून फिरून आले, आक्कांना हात जोडून थँक्यू म्हणाले. मला म्हणाले, "व्यवस्था उत्तम होती. उशी तेवढी जरा कडक." आक्कांच्या डोळ्यांत पाणी, आणि मी वेडी, मी खुशीत पराठे बांधत होते.

न्हावऱ्यावरून, उसाच्या मधून, भीमेचा पूल ओलांडून आम्ही केडगावला आलो. वाटेत ते ह्यांना "ड्रायव्हर साहेब" म्हणत होते आणि हे आपले आरशातून माझ्याकडं बघत होते. स्टेशनात शिरलो आणि रूळ दिसले. पप्पा थांबले, प्लॅटफॉर्मच्या कडेला जाऊन दोन्ही बाजूला नीट बघून आले, जसा माणूस आपल्या गुरांकडं बघून येतो. मग बाकावर बसून राहिले आणि गाडी येईपर्यंत एकदाही विचारलं नाही की टूर कधी संपणार. हे मोटार घेऊन रस्त्यानं दौंडकडं निघाले.

गाडीत गर्दी नव्हती. पप्पा मागं तोंड करूनच बसले. गाडी हलली आणि ते बोलायला लागले, मोठ्यानं, बोट करून. सिग्नल हिरवा. फाटक बंद. कडेठाण. पुढं पाटस. समोरच्या बाकावरची बाई पोराला जवळ ओढून बसली, आणि मी तिच्याकडं असं बघितलं की तिनं तोंड फिरवलं. किती तरी दिवसांनी पप्पांना जे दिसत होतं तेच मलाही दिसत होतं. जे ते म्हणत होते तेच बाहेर होतं. एवढ्या साध्या गोष्टीनं मला इतका आनंद झाला की त्यांच्याबरोबर मीही म्हणायला लागले, सिग्नल हिरवा.

दौंडचं यार्ड सुरू झालं तसे ते उठून दाराशी गेले. गाडी थांबली. खाली उतरले, मान वर करून पाटी वाचली. "दौंड," म्हणाले. "मॅडम, हे आमचं गाव." आणि रडायला लागले, उघड उघड, लहान पोरासारखे. मीही रडले. मनात म्हटलं, जमलं गं बाई, जमलं.

मग मी ताठ उभी राहिले आणि रीतीप्रमाणे सांगितलं, "साहेब, दौंड आलं. सगळे प्रवासी सुखरूप उतरले. टूर संपली. चार्ज क्लोज."

पप्पांनी शर्ट नीट केला, माझा हात हातात घेऊन दाबला. "थँक्यू मॅडम. फार सांभाळलंत. आता तुम्ही निघा." आणि पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसले.

मी म्हटलं, "चला, घरी जाऊ."

"तुमचा चार्ज संपला," ते हसून म्हणाले. "आता माझी मुलगी येईल न्यायला. दर वेळी तीच येते, शिरूरहून. शिलाईचं दुकान आहे तिचं. तिच्याशिवाय मी स्टेशन सोडत नाही. तिची चुकामूक झाली की लई चिडते. तापट आहे, आईवर गेलीय. पण येते बरं का, कितीबी काम असू दे."

माझी रीत माझ्याच गळ्यात आली होती. एकदा चार्ज दिला की संपलं, आता मी त्यांची कुणीच नव्हते. आधी निदान मॅडम तरी होते.

"पप्पा," मी म्हटलं, "मीच आहे ती. अहो मीच. बघा ना जरा."

त्यांनी बघितलं. खरंच बघितलं, प्रयत्न करून बघितलं. मग म्हणाले, "तुम्हीही मुलीसारखंच केलंत."

आणि माझा तोल गेला. मी ओरडले. "मुलीसारखं नाही, मुलगीच! दुसरी कुणी येणार नाहीये! मीच आलेय, मीच!" प्लॅटफॉर्मवरची माणसं थांबून बघायला लागली. पप्पा घाबरले. हळूच उठून ते चहाच्या गाड्यापाशी गेले आणि चहावाल्याला म्हणाले, "या बाईंची तब्येत बरी नाही. लांबच्या प्रवासानं होतं असं. जरा पाणी द्या त्यांना. आन् तुमच्या फोनवरनं माझ्या मुलीला एक फोन लावून देता का?"

चहावाला पन्नाशीचा, समजूतदार. "लावतो की बाबा. नंबर हाय का पाठ?"

स्वतःच्या मुलीचा चेहरा विसरलेल्या माझ्या बापानं तिचा नंबर एका दमात सांगितला.

माझ्या पर्समध्ये फोन वाजायला लागला. मी काढला, बघितला, पाठ फिरवली आणि कानाला लावला. का लावला ते मला सांगता यायचं नाही. "हॅलो," मी म्हटलं.

"कोण, बाळ का?"

माझा आवाज त्यांनी ओळखला. महिनोन्‌महिने मॅडम, मॅडम ऐकून माझे कान किटले होते, आणि आता माझ्या मागं चार पावलांवर, आणि माझ्या कानात, पप्पा मला बाळ म्हणत होते.

"व्हय पप्पा. मीच."

"अगं कुठं आहेस? किती दिवस झाले, एक फोन नाही तुझा. मी आलोय. दौंडला बसलोय."

"पप्पा, मी इथंच आहे."

"इथं कुठं?"

"तुमच्या मागं. मागं वळून बघा."

मी वळले. तेही वळले. आम्ही दोघं कानाला फोन लावून एकमेकांसमोर उभे होतो. त्यांनी माझ्याकडं बघितलं, जरा मान वाकवून नमस्कार केला, आणि फोनमध्ये म्हणाले, "नाही गं. मागं आमच्या मॅडम आहेत."

चहावाल्यानं आधी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या फोनकडं. उकळणारा चहा त्यानं उतरवून ठेवला.

"रडतेस का बाळ?" पप्पा फोनवर विचारत होते. "दुकानात काही झालं का? घाई करू नकोस. सावकाश ये. मी बसतो, मला काही त्रास नाही."

"येते पप्पा," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

"येतेय ती," त्यांनी मला येऊन सांगितलं, आणि परत बाकावर जाऊन बसले. आता तर बोलायलाच नको. मुलीनं स्वतः शब्द दिला होता.

मीही बसले, बाकाच्या दुसऱ्या टोकाला. ऊन प्लॅटफॉर्मवर चढत आलं. गाड्या येत होत्या, जात होत्या. प्रत्येक वेळी पप्पा पुलाच्या जिन्याकडं बघायचे, उतरणाऱ्या प्रत्येक बाईकडं बघायचे, आणि मला धीर द्यायचे, "शिरूरहून यायचं म्हंजी वेळ लागतो." मी पराठा दिला तर निम्मा ठेवला, मुलगी उपाशी असेल म्हणून. औषधाची वेळ टळून गेली. हे आत आले, "पप्पा, चला आता," म्हणाले, तर त्यांना सांगितलं, "ड्रायव्हर साहेब, तुमचंही काम झालं. मुलगी यायचीय माझी." ह्यांनी दंडाला धरून उठवायचा प्रयत्न केला तर बाकाची कड घट्ट पकडून बसले. मी ह्यांना म्हटलं, सोडा. सोडा त्यांना.

मग मला कळून चुकलं की त्यांना तिथून उठवू शकेल अशी जगात एकच बाई आहे, आणि ती त्यांची मुलगी नाही. ऊन त्यांच्या गुडघ्यापर्यंत आलं होतं, ओठ सुकले होते. मी उठले, डोळे पुसले, समोर जाऊन उभी राहिले.

"साहेब," मी म्हटलं, "वरून निरोप आलाय. टूर वाढलीय. परत निघावं लागेल."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग पाटीकडं, दौंडच्या. रेल्वेचा माणूस. घराच्या दारापर्यंत येऊन ड्युटी वाढल्याची त्यांना सवय होती, त्यावर वाद घालायची नव्हती. पिशवी उचलली आणि उभे राहिले.

"बरं," म्हणाले. "ऑर्डर आहे म्हटल्यावर काय. पण मॅडम, तेवढं माझ्या मुलीला कळवा. ती घरनं निघालीय."

मी फोन काढला. थोडा वेळ कानाला लावून धरला.

"कळवलं," मी म्हटलं.

"काय म्हणाली? चिडली का?"

"नाही," मी म्हटलं. "अजिबात चिडली नाही."